शर्यतीसाठी मोटरहोम व निवासी ट्रेलर

मोटरहोम आणि निवासी ट्रेलर ही अमेरिकेतील हौशी मोटार शर्यतपटूंची प्रवास, मुक्काम व शर्यतीच्या मोटारीची वाहतूक यांसाठीची दोन प्रचलित साधने आहेत. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका (स्थापना १९४४) आणि नॅशनल हॉट रॉड असोसिएशन (स्थापना १९५१) यांसारख्या संस्थांच्या शर्यती बहुधा शनिवार-रविवारी व अनेकदा घरापासून दूर भरतात. त्यामुळे बरेच स्पर्धक शर्यतीच्या आवारातच मुक्काम करतात.

स्वरूप

मोटरहोम हे स्वतःचे इंजिन असलेले फिरते घर होय. ‘ए’ वर्गातील मोटरहोम बस वा ट्रकच्या चॅसिसवर, तर ‘सी’ वर्गातील व्हॅनच्या चॅसिसवर बांधलेले असते. शर्यतीची मोटार त्यामागे जोडलेल्या स्वतंत्र बंदिस्त ट्रेलरमधून नेली जाते. जड ट्रकच्या चॅसिसवरील मोटरहोमला ‘टोटरहोम’ म्हणतात. निवासी ट्रेलरमध्ये सामान्यतः पुढे राहण्याची खोली व मागे मोटार ठेवण्याची जागा असते. तो ओढण्यासाठी बहुधा पिकअप ट्रक वापरतात.

वजन आणि ओढक्षमता

निवडीत सुखसोयींपेक्षा वजन अधिक निर्णायक ठरते. ‘सी’ वर्गातील अनेक मोटरहोमच्या जोडणीची मर्यादा सुमारे २,२७० ते ३,४०० किलोग्रॅम असते. उदाहरणार्थ, रिकामा ट्रेलर १,६०० किलोग्रॅम, मोटार १,४०० किलोग्रॅम आणि अवजारे, टायर व इंधन ५०० किलोग्रॅम धरल्यास एकूण भार ३,५०० किलोग्रॅम होतो, म्हणजे ही मर्यादा ओलांडली जाते. शिवाय वाहन व ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाचीही स्वतंत्र मर्यादा असते.

निवासी ट्रेलरच्या बाबतीत जोडणीवर पडणारा भार महत्त्वाचा असतो. साध्या जोडणीत तो ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, तर ट्रकच्या हौद्यातील गूसनेक किंवा फिफ्थ व्हील जोडणीत १५ ते २५ टक्के असावा लागतो. तो कमी पडल्यास ट्रेलर हेलकावे खाऊ लागतो. पुढील खोली, पाण्याची टाकी व बॅटऱ्या यांमुळे हा भार वाढतो आणि ओढक्षमता शिल्लक असतानाच ट्रकची भारवहन-मर्यादा संपू शकते. म्हणून सर्व सामान भरून वाहन वजनकाट्यावर तोलणे आवश्यक असते.

सोय व देखभाल

मोटरहोममध्ये कुटुंबीयांना पट्टे असलेल्या आसनांवर बसून प्रवास करता येतो. चालत्या ट्रेलरमध्ये प्रवासी बसवण्यास अनेक राज्यांत मनाई आहे. उलट, मुक्कामी पोहोचल्यावर ट्रेलर सोडून ठेवता येतो आणि सुटे भाग वा किराणा आणण्यास ट्रक मोकळा राहतो. हाच ट्रक इतर दिवशीही वापरता येतो. मोटरहोमचे इंजिन बिघडल्यास प्रवास थांबतो आणि दुरुस्ती होईपर्यंत घरही कार्यशाळेत अडकते. ट्रक बिघडल्यास मात्र दुसऱ्या सक्षम ट्रकने ट्रेलर नेता येतो.

सुरक्षितता

निवासी ट्रेलरमध्ये झोपण्याची जागा व पेट्रोल असलेली मोटार यांत केवळ एक भिंत असते. त्या भिंतीतील फटी बंद नसल्यास इंधनाची वाफ खोलीत शिरू शकते. दोन्ही प्रकारांत जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू प्राणघातक ठरू शकतो. त्याला वास नसल्याने त्याची सूचना देणारे यंत्र बसवणे आवश्यक असते.

कायदेशीर बाबी

व्यावसायिक वापरातील ११,७९४ किलोग्रॅम किंवा अधिक मर्यादेच्या वाहनास अमेरिकेत व्यावसायिक परवाना लागतो. खासगी मनोरंजनासाठीच्या वाहनांना अनेक राज्यांत यातून सूट आहे, परंतु काही राज्ये वेगळा परवाना मागतात. शर्यतीचा खर्च प्रायोजकाकडून होत असल्यास ही वाहतूक व्यावसायिक मानली जाऊ शकते.

निवडीचे निकष

मोठे कुटुंब व लांबचा प्रवास असल्यास पुरेशा ओढक्षमतेचे मोटरहोम सोयीचे ठरते. सक्षम ट्रक आधीच असलेल्या, एक-दोघांनीच प्रवास करणाऱ्या स्पर्धकास निवासी ट्रेलर बहुधा कमी खर्चात पडतो.