पेट्रोल रेशनिंग, अमेरिकेतील (१९४२–४५)

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने मोटारींच्या इंधनावर घातलेले नियंत्रण. अंमलबजावणी किंमत नियंत्रण कार्यालयाकडे (ओपीए) होती. मे १९४२ मध्ये पूर्वेकडील १७ राज्यांत ते सुरू झाले, कारण जर्मन पाणबुड्या किनाऱ्यालगत तेलवाहू जहाजे बुडवत होत्या. १ डिसेंबर १९४२ पासून ते देशभर लागू झाले, तेव्हा मात्र मुख्य चिंता रबराची होती. मलाया व डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेल्याने नैसर्गिक रबर मिळेनासे झाले होते. बर्नार्ड बरूक यांच्या समितीने टायर वाचवण्यासाठी गाड्यांचे धावणेच कमी करण्याचा सल्ला दिला, वेगमर्यादाही ताशी ३५ मैलांवर आली. तेलविहिरींच्या शेजारी राहणाऱ्या टेक्सासच्या माणसाला पेट्रोल मोजून का मिळावे, हे समजावणे सोपे नव्हते.

प्रत्येक खासगी गाडीला ‘ए’ पुस्तिका मिळे. देशव्यापी योजनेच्या आरंभी तिच्यावर आठवड्याला ४ गॅलन, म्हणजे सुमारे १५ लिटर पेट्रोल घेता येई. त्यात महिन्याला साधारण २४० मैल होतील, पैकी १५० कामाचे व ९० घरगुती, असा हिशेब धरलेला होता. कामासाठी यापेक्षा जास्त अंतर पडणाऱ्याने स्थानिक रेशन मंडळाकडे अर्ज करायचा. या मंडळांवर बहुतेक त्याच गावातले विनावेतन काम करणारे नागरिक असत. कारखान्यातल्या कामगाराला जास्त पेट्रोलची ‘बी’ पुस्तिका हवी असेल तर तो सहकाऱ्यांना गाडीतून नेतो का आणि बस वा रेल्वेने जाणे शक्य आहे का, हे आधी तपासले जाई. ‘सी’ पुस्तिका डॉक्टर, धर्मोपदेशक, ग्रामीण टपालवाटप करणारे अशा ठरावीक कामांना होती, मालट्रकांसाठी ‘टी’. ‘सी’चा हक्क कामामागे होता, हुद्द्यामागे नव्हता. रुग्णांच्या घरी जाणाऱ्या डॉक्टरला त्या फेऱ्यांपुरते पेट्रोल मिळे. या योजनेतली ही सर्वांत न्याय्य गोष्ट मानली पाहिजे.

त्याच तत्त्वाला पहिला तडा ‘एक्स’ वर्गाने दिला. मे १९४२ च्या तात्पुरत्या योजनेत या कार्डाला मर्यादाच नव्हती, आणि काँग्रेसच्या अनेक सदस्यांनी ते घेतल्याचे उघड होताच लोक संतापले. गाडीच्या काचेवर अक्षराची चिकटपट्टी लावणे सक्तीचे असल्याने कोणाला किती मिळते हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसतच होते. सवलतीची यादी आखणाऱ्याने स्वतःला तिच्यात बसवले की ‘ए’वाल्याने काटकसर का करावी, याला उत्तर उरत नाही.

जानेवारी १९४३ मध्ये पूर्वेकडे मौजेसाठी गाडी चालवण्यावरच बंदी आली. ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उठली. बनावट व चोरलेल्या कुपनांचा काळाबाजार मात्र अखेरपर्यंत चालू राहिला. त्याला आळा घालण्यासाठी कुपनाच्या मागे गाडीचा क्रमांक लिहिणे बंधनकारक होते. जपानच्या शरणागतीची घोषणा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, १५ ऑगस्ट १९४५ रोजी, पेट्रोलवरील नियंत्रण उठले. टायरचे रेशनिंग त्यानंतरही काही महिने चालू होते.