रिफ्रेश झाल्यावर उघडलेली यादी बंद का होते?

एखाद्या वेबसाइटवर तुम्ही गाव शोधताय. आधी पुणे जिल्हा उघडला, मग जुन्नर तालुका, त्यात ओतूर दिसलं. तेवढ्यात पेजवर नवी माहिती आली आणि सगळी यादी मिटली. पुन्हा जिल्ह्यापासून सुरुवात. असं का होतं?

ट्री म्हणजे काय?

एकाच्या पोटात दुसरं, अशा यादीला 'ट्री' म्हणतात आणि तिच्यातल्या प्रत्येक घटकाला 'नोड'. कॉम्प्युटरवरची फोल्डरची यादी हे रोजचं उदाहरण.

बिघडतं कुठे?

गावांची नावं सर्व्हरवरून येतात. पण तुम्ही कोणता नोड उघडलाय, याची नोंद बहुतेक वेळा फक्त स्क्रीनवरच्या यादीत असते. रिफ्रेश करताना प्रोग्रामने जुनी यादी पुसून नवी मांडली, की ही नोंदही पुसली जाते. जावा स्विंगच्या 'जेट्री'मध्ये संपूर्ण मॉडेल रीलोड केल्यावर उघडे नोड असेच मिटतात.

उपाय काय?

यादी पुसण्याआधी उघड्या नोडची नोंद वेगळी ठेवायची आणि नवी यादी आली की तेच नोड पुन्हा उघडायचे. पण 'तेच' ओळखायचे कसे?

• क्रमांकावरून? वर एक नवी ओळ आली की भलताच नोड उघडतो.
• नावावरून? वडगाव नावाची गावं राज्यात कितीतरी आहेत.
• कोडवरून? हे बरोबर. 2011च्या जनगणनेत गावांना 6 आकडी कोड आहेत. रिअ‍ॅक्टमध्ये 'की' द्यायची असते, तीही अशीच न बदलणारी हवी.

उघडतानाही क्रम पाळावा लागतो: आधी जिल्हा, मग तालुका. तालुका उघडल्यावरच गावं लोड होत असतील, तर ती येईपर्यंत थांबायचं. एखादा नोड नव्या यादीत नसेल, तर तो सोडून पुढे जायचं.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे सगळी यादी न पुसता फक्त बदललेल्या ओळी बदलायच्या. मग स्क्रोलची जागाही हलत नाही.

एवढं महत्त्वाचं का?

स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला नोड उघडा आहे की बंद, हे ऐकूनच कळतं. ती ज्या ओळीवर होती ती ओळच पुसली गेली, तर आपण यादीत नेमके कुठे होतो, हेच तिला कळत नाही. यादी मिटणं इतरांसाठी चार जादा क्लिक असतील. तिला मात्र पहिल्या ओळीपासून पुन्हा ऐकत यावं लागतं.