चाळिशीचा मान आणि मुलीचा चष्मा

निजामाने 1853 च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केल्यावर यथावकाश बुलढाण्यास जिल्ह्याची कचेरी झाली, 1870 मध्ये जलंबहून खामगावास आगगाडी गेली, कापसाच्या बाजारात अडत्यांच्या पेढ्या भरभराटल्या. आणि या उलाढालीच्या पोटी कारकून, नाझर, वकील व मुनीम यांचा जो वर्ग वाढला, त्याचे सारे आयुष्य कागदावरील बारीक अक्षरांत गुंतलेले होते. डोळे अधू झाले म्हणजे त्यास भिंगाचा आश्रय घेणे प्राप्तच होते. परंतु रोखा लिहून देण्यास समोर बसलेल्या कुणब्याला त्या भिंगात दृष्टीचे वैगुण्य दिसत नसे, आपल्याला न वाचता येणारे वाचण्याचा अधिकार दिसे, आणि चष्म्यावरून रोखलेल्या पटवाऱ्याच्या एका नजरेने त्याची वाचा बसे.

ही प्रतिष्ठा इंग्रजी अमदानीत उपजली असे मात्र नव्हे. सोळाव्या शतकातील विजयनगरचे माध्व आचार्य व्यासतीर्थ पोथी वाचताना उपनेत्र वापरीत, असा निर्देश त्यांच्या संस्कृत चरित्रात आहे, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी चष्म्याच्या भारतीय इतिहासाचे साक्षेपाने संशोधन केले आहे. चातुर्मासात ओसरीवर पोथी उघडून चाळिशी चढविणाऱ्या आजोबांभोवती जो आदर दाटून येई, तो याच परंपरेतला होय.

पुढे हा मान वतनदारांच्या हातून निसटला, ही मला या इतिहासातील फार मोठी घटना वाटते. 1956 च्या धर्मांतरानंतर गावोगावी बाबासाहेबांचे पुतळे उभे राहिले, त्यांत निळा कोट व हातातील ग्रंथ यांच्याइतकाच चष्माही अपरिहार्य ठरला. ज्यांना पिढ्यान्पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्यांनी विद्येची ही खूण आपल्या उद्धारकर्त्याच्या मुद्रेवर अभिमानाने जपली.

परंतु तोच चष्मा तरुण मुलीने लावला की समाजाची दृष्टी पालटते. पुरुषाच्या नाकावर जो व्यासंगाचा पुरावा, तो मुलीच्या नाकावर रूपातील उणीव, किंवा फार शिकल्यामुळे अंगी आलेल्या ताठ्याचे लक्षण! या दुजाभावाचा विचार करताना बुलढाण्याच्याच एका लेखिकेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतील हेडक्लार्क बापूजी हरी शिंदे यांची कन्या ताराबाई यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक विधवेस अर्भकहत्येबद्दल झालेली शिक्षा व तिच्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर उठलेले काहूर यांनी त्यांची लेखणी पेटली होती. जे दोष स्त्रियांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा रोकडा सवाल. आणि तो अनेकांना इतका झोंबला की महात्मा फुल्यांना ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. त्या निबंधाचा विषय चष्मा नव्हे, हे उघडच आहे. परंतु एकाच गोष्टीचा पुरुषास गौरव आणि स्त्रीस दूषण, ही जी विषमता त्यांनी चव्हाट्यावर मांडली, तिचे इतके लहान आणि इतके चिवट उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात ‘तेवढा चष्मा काढून ठेव ग’ असे घरच्याच वडील बायका प्रेमाने, पण काळजीने सांगतात. मग ती पोर पोह्यांच्या बशा हाती घेऊन अंदाजाने पावले टाकीत बाहेर येते. समोरच्या पाटावरील किंवा आता सोफ्यावरील चष्मेधारी वर तिला न्याहाळून पाहतो. तिला मात्र, ज्याच्याबरोबर जन्म काढावयाचा, त्याचा चेहराही धड दिसत नाही. शिक्षण वाढले, मुली स्वतः डॉक्टर आणि तहसीलदार झाल्या, तरी ही रीत पुरती मोडलेली नाही. लग्नापुरती डोळ्यांत लेन्स घालण्याची नवी तोड निघाली, एवढेच. नवऱ्या मुलाला मात्र चष्मा काढून बैस, असे कोणी सांगितलेले माझ्या ऐकिवात नाही.