काळी फिल्म, हिरवी काच अन् आमची पद्मिनी

काळ्या काचांची गाडी दिसली की आपण समजतो, कुणीतरी 'साहेब' आले! पण काचेचा रंग मुळात उन्हासाठी. 1950 च्या दशकात अमेरिकन गाड्यांत फिकट हिरवी छटा काचेतच यायची. वरची गडद पट्टी दोन काचांमधल्या प्लास्टिकच्या थरात असायची. फिल्म चिकटवणं नंतरचं.

27 एप्रिल 2012 ला सर्वोच्च न्यायालयानं अशा फिल्मवर बंदी घातली. कारखान्यातूनच रंगीत आलेली काच चालेल, पण पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के अन् बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असं ठरलं.

आमच्याकडं कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी होती. दगड लागून पुढची काच फुटली, तेव्हा नांदेडहून मिळेल ती, हिरव्या पट्टीची बसवली. मूळ काच पांढरी, कोपऱ्यात शिक्का. ती भंगारात दिली. चूक माझीच. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांहून जुनी अन् मूळ रूपात जपलेली गाडीच 'विंटेज' ठरते.

म्हणून सांगतो, कुणाकडं जुन्या गाडीची काच पडून असेल तर फेकू नका. फुटकी असली तरी छटा, पट्टीची उंची अन् शिक्का बघूनच हुबेहूब नवी करता येते. निदान फोटो तरी काढून ठेवा.