कुत्रा कोणाचा?
आठ आण्यांच्या बक्षिसापासून लसीच्या कार्डापर्यंत

आमच्या आरमोरीत बैल कोणाचा असे विचारले तर लहान पोरही मालकाचे नाव सांगते. शेळी कोणाची, कोंबडी कोणाची, हेही सगळ्यांना ठाऊक असते. कुत्रा कोणाचा, असे विचारले की मात्र उत्तर बदलते. ‘इथलाच आहे,’ असे लोक सांगतात. तो एका घरी ताक-भात खातो, दुसऱ्या घराच्या ओसरीवर निजतो आणि तिसऱ्याच्या मागे धानाच्या बांधीवर जागलीला जातो. आळीतल्या सगळ्यांचे त्याच्यावर प्रेम असते. पण त्याला लस टोचायला कोणी न्यायचे, हा प्रश्न आला की तो कोणाचाच उरत नाही. ‘धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटाचा’ ही म्हण आपण माणसांना लावतो, पण मुळात ती कुत्र्याचीच खरी अवस्था सांगते.

गेली काही वर्षे मी वैनगंगेकाठच्या या भागातील पाळीव जनावरांविषयी जुने अहवाल, गॅझेटियर आणि कायदे वाचत आहे. मी पशुवैद्य नाही आणि इतिहासाचा पदवीधरही नाही. मात्र वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की कुत्र्याविषयीचे दोनशे वर्षांतले बहुतेक वाद शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात. तो प्रश्न म्हणजे, हा कुत्रा कोणाचा?

आजाराची ओळख आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाला ‘अलर्कविष’ म्हटले आहे आणि पाण्याला भिणाऱ्या रोग्याचे ‘जलत्रास’ हे लक्षणही दिले आहे. हे लक्षण दिसले की रोगी वाचत नाही, हे त्या ग्रंथकाराला माहीत होते. आजही वैद्यकशास्त्र जवळजवळ तेच सांगते. कुत्र्याला कामाला लावण्याची विद्याही जुनीच. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात शिकारी कुत्र्यांवर ‘सारमेयविनोद’ असा स्वतंत्र भाग आहे. म्हणजे राजाच्या कुत्र्याला जात होती, शिक्षण होते, खुराक होता. गावच्या कुत्र्याला मात्र शिळी भाकर आणि देवळातले स्थान मिळाले. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे बसले, खंडोबाबरोबर एक धावला. पूजा झाली, पण पालकत्व ठरले नाही.

हा प्रश्न राज्यकर्त्यांच्या दारात पहिल्यांदा दणक्यात आला तो मुंबईत. १८१३ पासून तेथे मोकाट कुत्रे मारण्याचा नियम होता. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर ठरावीक दिवस मोहीम चाले. १८३२ साली उन्हाळ्यातली मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली गेली. एका कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे बक्षीस होते. त्या काळच्या शिपायाला ही रक्कम थोडी नव्हती. मग व्हायचे तेच झाले. चपळ, अंगावर येणारा मोकाट कुत्रा पकडण्यापेक्षा ओसरीवर निजलेला, माणसाळलेला कुत्रा पकडणे सोपे. शिपाई घरांच्या दारांतून कुत्री ओढू लागले. ६ जून १८३२ रोजी, पारशी समाजाच्या पवित्र दिवशी, फोर्टमध्ये लोक शिपायांवर तुटून पडले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यात उतरले. लष्कराला पाचारण करावे लागले. जमशेटजी जीजीभाईंसारख्या प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली आणि मारण्याऐवजी कुत्री शहराबाहेर हलवावीत, असा मार्ग निघाला. १८३४ मध्ये जमशेटजी आणि जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली.

या दंगलीकडे बहुधा धर्मभावनेची घटना म्हणून पाहिले जाते. मला तिच्यात हिशेबाचा एक धडा दिसतो. मेलेल्या कुत्र्याला किंमत लावली की पहिला बळी मालक असलेल्या कुत्र्याचा जातो, कारण तोच हाताशी असतो. शिवाय एका आळीतली कुत्री संपली की उकिरडा तसाच राहतो आणि शेजारच्या आळीतली कुत्री तेथे येतात. आमच्या जंगलांतही इंग्रजी अमलात रानकुत्र्यांना, म्हणजे कोळसुंद्यांना, मारण्यासाठी बक्षिसे होती. शिकारीच्या जनावरांचा नाश करणारा चोर, अशी त्याची नोंद साहेबांच्या पुस्तकांत दिसते. त्याच कोळसुंद्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण मिळाले.

उपचाराची गोष्ट वेगळ्या वाटेने पुढे गेली. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचवली. भारतात १९०० साली कसौली येथे आणि १९०७ साली कुन्नूर येथे पाश्चर संस्था सुरू झाल्या. एक सिमल्याच्या डोंगरात, दुसरी निलगिरीत. आरमोरीच्या माणसाला कुत्रा चावला तर त्या काळी काय करावे लागत असेल, याचा नुसता विचार करा. आधी बैलगाडीने रेल्वेपर्यंत जायचे, मग दोन-तीन गाड्या बदलत हजार किलोमीटरचा प्रवास, आणि तेथे पंधरवडाभर मुक्काम. हा खर्च आणि ही रजा कोणाला परवडणार? बाकीच्यांच्या वाट्याला हळद, चुना, तिखट आणि मांत्रिक आले. जखमेवर तिखट भरण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. तिने जखम चिडते आणि धुण्याचा मोलाचा वेळ वाया जातो.

पुढे १९११ मध्ये कसौलीच्या डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून केलेली, कार्बोलिक आम्लाने निष्क्रिय केलेली लस तयार केली. ती दूर पाठवता येत असल्याने उपचार हळूहळू जिल्ह्याच्या दवाखान्यांपर्यंत आला. पोटातली चौदा इंजेक्शने ती हीच. माझ्या पिढीच्या मुलांना कुत्र्यापेक्षा या इंजेक्शनांची भीती अधिक होती. मेंदूच्या पेशींमुळे काही रोग्यांना लुळेपणा येई, म्हणून ही लस धोक्याचीही होती. भारतात तिचा वापर २००४ च्या अखेरीस थांबला. आताची पेशीसंवर्धित लस दंडात किंवा त्वचेत टोचतात आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे, त्याच दिवशी लस सुरू करणे आणि रक्त निघालेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिन घेणे, एवढ्याने हा शंभर टक्के मारक रोग जवळजवळ शंभर टक्के टाळता येतो.

म्हणजे शतकभरात माणसाची लस कुन्नूरहून आमच्या तालुक्यापर्यंत आली. कुत्र्याची लस मात्र त्या वेगाने कुत्र्यापर्यंत आली नाही. याचे कारण पशुवैद्यकाच्या इतिहासात आहे. १८८९ मध्ये पुण्यात जी सरकारी जीवाणू प्रयोगशाळा निघाली आणि पुढे मुक्तेश्वरला गेली, तिच्यासमोरचा मोठा शत्रू होता बुळकांडी. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे, नागपूरचे १९५८ चे. घोडा, बैल, गाय, म्हैस या क्रमाने जनावरांचा विचार झाला. शेतीच्या देशात ते रास्तच होते. बुळकांडी गेली, ती याच कष्टांमुळे. २०११ मध्ये जग त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. पण यात कुत्रा मागे राहिला. बैल आजारी पडला तर नांगर थांबतो. कुत्रा आजारी पडला तर दुसरा येतो. आमच्याकडे जनावरांच्या दवाखान्यात घटसर्प-फऱ्याच्या लसीकरणाला गोठेच्या गोठे येतात, पण दोरी बांधलेला कुत्रा क्वचित दिसतो.

मालकीचा प्रश्न सगळ्यांत स्पष्टपणे मांडला तो महात्मा गांधींनी. १९२६ साली अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या आवारातली साठ मोकाट कुत्री मारवली. शहर खवळले. गांधीजींनी ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’मधून लेखांची मालिका लिहिली. पिसाळलेल्या कुत्र्याला मारणे अटळ ठरू शकते, असे त्यांनी म्हटले आणि टीकेचा वर्षाव ओढवून घेतला. त्याहून महत्त्वाचे त्यांचे दुसरे म्हणणे होते. मोकाट कुत्रे हे समाजाच्या आळसाचे लक्षण आहे, रस्त्यावर तुकडा फेकणे ही दया नव्हे. दया करायची असेल तर कुत्रा घरी पाळावा, नाहीतर पाळणाऱ्या संस्थेला पैसे द्यावेत. मारणारा आणि तुकडा फेकणारा, दोघांनाही त्यांनी जबाबदारीचा आरसा दाखवला. शंभर वर्षांनी, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले असतानाही, आपण याच दोन टोकांवर भांडत आहोत.

दरम्यान कायदा बदलला. २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रा मूळ जागी सोडण्याची पद्धत आणली. २०२३ मध्ये हे नियम नव्याने आले. २०१९ च्या पशुगणनेत देशात १.५३ कोटी मोकाट कुत्री मोजली गेली. आकडा मोठा आहे, पण आमच्यासारख्या गावातले ‘इथलेच’ कुत्रे या खात्यात घालायचे की पाळीवांच्या, हे गणना करणाऱ्यालाही कठीणच गेले असणार.

उपाय होतो, याचा दाखला आपल्या शेजारी गोव्यात आहे. तेथे राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी २०१३-१४ पासून काम सुरू केले. जाळी घेऊन पथके गल्लोगल्ली फिरली, प्रत्येक टोचलेल्या कुत्र्याची नोंद मोबाइलवर झाली, शाळांतून मुलांना धडे दिले गेले आणि संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी फोन ठेवला. वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस दिली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू शून्यावर आले. त्याआधी, २०२१ मध्ये, गोवा ‘रेबीज नियंत्रित’ राज्य म्हणून जाहीर झाले. दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र तेथे खरे ठरले. त्या पथकांनी कुत्रा कोणाचा, हे विचारत वेळ घालवला नाही. गावचा कुत्रा गावाचा, असे धरून टोचले.

आमच्या जिल्ह्यात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, ती जंगलाची. वडसा-आरमोरीच्या रानात वाघ परतला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘सीटी-१’ हा वाघ वडसा वनक्षेत्रात पकडला गेला, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीने सुटकेचा श्वास टाकला. बिबट्या तर कुत्र्यावरच जगतो म्हटले तरी चालेल. नगर जिल्ह्यातील अकोल्याच्या उसाच्या पट्ट्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. उघड्यावर रात्र काढणारा कुत्रा म्हणजे बिबट्याला अंगणातले आमंत्रण. उलट दिशेने कुत्र्याचा आजार जंगलात जातो. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीत डिस्टेंपरच्या साथीत सुमारे हजार सिंह मेले. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत त्यांपैकी काहींमध्ये याच रोगाचा विषाणू आढळला. मोहफुले वेचायला पहाटे माणसाबरोबर जाणारा आपला कुत्रा जेथे पाणी पितो, तेथेच वाघही पितो. म्हणून रेबीजबरोबर डिस्टेंपर आणि पार्व्होची लस देणे हा केवळ हौशी शहरवासीयांचा लाड नाही.

शिक्षणाचेही तसेच. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या मुधोळ कुत्र्याला २००५ मध्ये टपाल तिकीट मिळाले आणि पुढे लष्करानेही त्याची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला शिकलेली कुत्री वाघाची कातडी आणि हाडे हुंगून काढतात. हे पाहून आपण जातीला श्रेय देतो. पण त्या प्रत्येक कुत्र्यामागे रोज तोच माणूस, तीच वेळ आणि तोच शब्द असतो. आमचा गावठी कुत्राही हाक मारली की परत येणे, चितळामागे न धावणे, पोरांच्या हातातले न ओढणे हे तीन-चार महिन्यांच्या वयात शिकतो. शेपूट नळीत घालणारी म्हण त्याच्या अकलेवर अन्याय करते. दिवसभर साखळीला बांधून ठेवलेला कुत्रा राखण शिकत नाही, चावायला शिकतो.

मग करायचे काय? नेपाळात दिवाळीतला एक दिवस, आपल्या नरकचतुर्दशीच्या सुमारास, ‘कुकुर तिहार’ म्हणून पाळतात आणि कुत्र्याला हार घालून टिळा लावतात. आपल्याला नवा सण नको. आपल्याकडे पोळा आहे. त्या दिवशी गावचे सगळे बैल तोरणाखाली एकत्र येतात आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी नंदी घेऊन निघतात. त्याच आठवड्यात एक सकाळ गावातल्या कुत्र्यांची ठेवावी. ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी पत्र द्यावे, तीन महिन्यांवरील प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस टोचावी, गोचीड काढाव्यात आणि कार्डावर कुत्र्याचे नाव व आळी लिहावी. मालकाच्या रकान्यात कोणाचेच नाव नसेल तर ‘आळी’ हेच नाव चालेल, पण पुढच्या वर्षी त्याला आणण्याची जबाबदारी एका घराने सही करून घ्यावी.

१८३२ मध्ये सरकारने मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मोजले. जिवंत कुत्र्यामागे आज एका सहीची गरज आहे. ती सही कार्डावर पडली की आळीतल्या त्या कुत्र्याला आणि उद्या त्याच्याशी खेळणाऱ्या पोरालाही मालक मिळेल.