कोणाचा बाण अधिक वेगवान?

इयत्ता सातवीला देवगिरीचा पाडाव शिकवीत होतो. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी एलिचपूरमार्गे घोडदळ घेऊन आला, असे सांगताच एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, त्यांची तुर्की कमान जोरात बाण मारायची की आपला कामठा?" क्षणात वर्गात दोन बाजू पडल्या. 'त्यांची' आणि 'आपला' हे दोन शब्द मला खटकले. एक दिवसाची मुदत मागून घेतली व दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. त्याचाच हा सारांश.

लांब धनुष्य हे एकाच लाकडाचे वा बांबूचे. सिकंदराचा सेनानी निआर्कस याने भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाच्या उंचीचे असल्याचे नमूद केले आहे. एक टोक जमिनीला टेकवून, डाव्या पायाने रेटा देऊन ते ओढीत. इंग्रजांनी १४१५ साली अ‍ॅजिनकोर्टची लढाई अशाच लांब धनुष्यांच्या बळावर जिंकली. उलट्या वळणाची कमान आखूड असते. तिच्या पोटाशी शिंग, मध्ये लाकूड आणि पाठीवर जनावरांच्या कंडरांचे तंतू सरसाने चिकटविलेले असतात. शिंग दाब सोसते, तंतू ताण सोसतात. त्यामुळे आखूड असूनही ती खूप ओढता येते आणि घोड्यावरून चालविता येते.

आता वेगाकडे वळू. बुडालेल्या 'मेरी रोज' जहाजातील धनुष्यांवरून इंग्लंडमध्ये नवे धनुष्य बनवून चाचणी घेतली गेली. सुमारे ५४ ग्रॅमचा बाण ३२८ मीटर गेला, तर ९६ ग्रॅमचा बाण २५० मीटर. धनुष्य तेच, धनुर्धरही तोच. बदलले ते बाणाचे वजन! जड युद्धबाणाचा वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर भरतो. शिंगाच्या कमानीतून सुटलेला हलका बाण ६० मीटरच्याही पुढे जातो, कारण तिची टोके झटकन परततात व शक्ती वाया कमी जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये तुर्की वकिलातीतील महमूद एफेंदी यांनी ४८२ यार्डांवर बाण टाकून इंग्रज धनुर्धरांना थक्क केले. परंतु बाण जड झाला की हा फरक कमी होत जातो. आणि जड बाण संथ असला तरी त्याचा घाव खोल जातो.

मग शिंगाची कमानच श्रेष्ठ म्हणावी काय? आपल्या मराठवाड्याचा पावसाळा आठवावा. ओलीने सरस सैल पडतो, कमान दुबळी होते. अशी कमान तयार व्हायला कित्येक महिने लागतात. हिंदुस्थानात पोलादी कमानी घडविल्या गेल्या, त्यामागे हवेतील या ओलाव्याचेही कारण होते. सातपुड्यातील भिल्ल बांधवांचा बांबूचा कामठा मात्र रानातच बनतो. दोरीही बांबूच्याच पट्टीची. वेग कमी, पण मोडला तर दुसरा करायला किती वेळ?

राहिला प्रश्न 'त्यांची' आणि 'आपला' याचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये दिली आहेत. विष्णूच्या धनुष्याचे 'शार्ङ्ग' हे नावच शिंगावरून आले. शेजारच्या मेहकरचा शारंगधर त्याच नावाचा. म्हणजे शिंगाचे धनुष्य तुर्कांच्या कितीतरी आधी येथे माहीत होते. उलट 'कमान' हा शब्द फारसी. पण आज दाराची कमान आणि घड्याळाची कमान म्हणताना तो परका कोणाला वाटतो? शिवाय देवगिरी केवळ कमानीने पडली नाही. यादवांचे मोठे सैन्य त्या वेळी युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होते.

हे ऐकून तोच विद्यार्थी उठला व म्हणाला, "मग सर, आधी बाणाचे वजन विचारायला हवे होते." इतिहास शिकविणाऱ्याला याहून मोठे समाधान ते कोणते? अभिमान बाजूला ठेवून आधी वजन विचारावे, मग निवाडा द्यावा, एवढे जरी आमची मुले शिकली तरी पुष्कळ झाले.