‘बीट्स’चं नाव काढलं की हेडफोनवेडे नाक का मुरडतात?

हेडफोनच्या शौकिनांमध्ये बसून कुणी “मला बीट्सचा आवाज आवडतो” असं म्हणून बघावं. एखादा हसतो, एखादा लगेच दुसरी तीन मॉडेल सुचवतो, आणि एखादा “बासचा डबा” म्हणून विषय संपवतो. बीट्सचा कोणता हेडफोन, कोणत्या वर्षीचा, हे विचारायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. गोलातलं ते ‘बी’ अक्षर दिसलं की निकाल लागलेला असतो.

हा शिक्का हवेतून आलेला नाही, त्याला कारणं होती. पण कारणं संपल्यावरही शिक्का तसाच राहिला. असं का झालं, हे कळायला आवाजाचं थोडं शास्त्र आणि माणसाच्या डोक्याचं बरंच काही समजून घ्यावं लागतं.

तारा विकणारी कंपनी, रॅपर आणि ३५० डॉलर

बीट्सची स्थापना २००६ मध्ये झाली. संस्थापक दोन. एक रॅपर आणि संगीत निर्माता डॉ. ड्रे, दुसरा इंटरस्कोप रेकॉर्ड्सचा प्रमुख जिमी आयोविन. पहिला हेडफोन ‘स्टुडिओ’ २००८ मध्ये बाजारात आला. तो बनवला मॉन्स्टर या कंपनीने, जी तोवर महागड्या ऑडिओ केबलसाठी ओळखली जायची. किंमत सुमारे ३५० डॉलर.

त्या काळात बहुतेक लोक आयपॉडसोबत फुकट मिळणारे पांढरे इअरफोन वापरत होते. हेडफोनवर एवढे पैसे घालवणारे म्हणजे स्टुडिओत काम करणारे किंवा घरात ॲम्प्लिफायर मांडून बसणारे मोजके लोक. बीट्सने गिऱ्हाईकच वेगळं शोधलं. गाण्यांच्या व्हिडिओत, बास्केटबॉल खेळाडूंच्या गळ्यात, विमानतळावरच्या फोटोंत हे हेडफोन दिसू लागले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकचे प्रायोजक नसतानाही त्यांनी खेळाडूंना हेडफोन पोचवले. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाची प्रायोजक सोनी होती, म्हणून स्टेडियममध्ये बीट्स घालायला मनाई झाली. त्या मनाईचीच जाहिरात झाली.

पुढे अमेरिकेत शंभर डॉलरच्या वरच्या हेडफोनच्या बाजारात निम्म्याहून जास्त वाटा एकट्या बीट्सचा झाला. २०१४ मध्ये ॲपलने ही कंपनी ३ अब्ज डॉलरला घेतली. ॲपलने आजवर केलेली ही सर्वांत मोठी खरेदी.

तक्रार नेमकी काय होती?

शौकिनांची पहिली तक्रार आवाजाची होती आणि ती खोटी नव्हती. सुरुवातीच्या मॉडेलांत, विशेषतः ‘सोलो’ आणि ‘सोलो एचडी’मध्ये, बास भरमसाट होता.

यात एक बारकावा आहे. ढोल किंवा बास गिटारचा खोल धक्का साधारण १०० हर्ट्झच्या खाली असतो. तिथे थोडी वाढ केली तर गाण्याला वजन येतं. पण ही वाढ वर सरकत २००-३०० हर्ट्झपर्यंत पसरली, तर ती गायकाच्या आवाजाच्या खालच्या भागावर चढते. मग शब्द कांबळं पांघरून बोलल्यासारखे येतात. जुन्या सोलोबद्दलची तक्रार हीच होती. बास जास्त होता म्हणण्यापेक्षा तो नको तिथे सांडत होता, असं म्हणणं जास्त बरोबर.

दुसरी तक्रार पैशांची. एवढ्या पैशांत सेनहायझर, एकेजी किंवा ऑडिओ-टेक्निकाचा याहून चांगला हेडफोन येतो, मग हे पैसे जाहिरातीचेच ना?

तिसरी तक्रार कुणी उघड बोलत नसे. हेडफोन जोखायचे शौकिनांचे ठराविक मापदंड होते, आणि ते तपासायला लावली जायची ती गाणी बहुतेक जॅझ, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत किंवा जुन्या रॉकची. बीट्स आले हिप-हॉपमधून आणि विकत घेणारी होती शाळा-कॉलेजातली मुलं. नाक मुरडण्यात थोडा भाग कानाचा होता, तर थोडा “हे लोक आपल्यातले नाहीत” याचाही होता. तो किती होता हे मोजता येत नाही, पण नव्हताच असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल.

खोललेला हेडफोन निघाला बनावट

२०१५ मध्ये बोल्ट नावाच्या अमेरिकी गुंतवणूक कंपनीतल्या एका अभियंत्याने बीट्सची एक जोडी खोलली आणि सुट्या भागांचा हिशेब मांडला. भागांची किंमत निघाली १७ डॉलरच्या आत. शिवाय आतले धातूचे काही तुकडे केवळ वजन वाढवण्यासाठी घातले असावेत, असा निष्कर्ष निघाला, कारण हातात जड लागलेली वस्तू भारी वाटते. बातमी जगभर फिरली. ज्यांचं मत आधीच ठरलं होतं त्यांना पुरावा मिळाला.

नंतर कळलं की ती जोडीच बनावट होती. बीट्सच्या नकला तेव्हा इतक्या हुबेहूब निघत की अभियंताही फसला. मग खरी जोडी खोलण्यात आली. तिचा हिशेब सुमारे २० डॉलर निघाला, म्हणजे फार फरक नव्हता. पण पहिली बातमी जितकी पसरली तितकी ही दुरुस्ती पसरली नाही.

खरं तर हा हिशेब आवाजाबद्दल काहीच सांगत नाही. सुट्या भागांच्या किमतीत संशोधन, मजुरी, वाहतूक, दुकानदाराचा नफा यातलं काही धरलेलं नसतं. हा हिशेब कोणत्याही नावाजलेल्या कंपनीच्या हेडफोनचा केला तरी आकडा छापील किमतीच्या जवळपास जाणार नाही. आणि जड हेडफोन वाईट वाजतो असाही नियम नाही. या सगळ्या गदारोळात “पण तो वाजतो कसा?” हा प्रश्न बाजूलाच पडला.

महागड्या नावाला सगळं माफ

शिक्क्याचं बळ किती असतं हे एकट्या बीट्सकडे बघून कळत नाही. त्याच्या शेजारी त्याच काळातला दुसरा हेडफोन ठेवावा लागतो. २००९ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने ‘एचडी ८००’ आणला. किंमत सुमारे १,४०० डॉलर, आणि शौकिनांच्या दुनियेत मान फार मोठा. तो मान बऱ्याच अंशी योग्यही होता, कारण आवाजाचं मोकळेपण तसं दुसरीकडे क्वचित मिळायचं.

पण या हेडफोनला ६,००० हर्ट्झच्या आसपास एक टोकदार उंचवटा होता. झांजा आणि ‘स’ची अक्षरं कानाला टोचायची. मोजमापात तो स्पष्ट दिसायचा. यावर शौकिनांनी काय केलं? हेडफोनच्या आत बसवायच्या छोट्या चकत्या तयार केल्या, त्या कशा लावायच्या याच्या सूचना एकमेकांना दिल्या, आणि “याला ॲम्प्लिफायर जोडीचा लागतो” असं एकमेकांना समजावलं. २०१६ मध्ये कंपनीने सुधारित ‘एचडी ८०० एस’ आणला, त्यात हा उंचवटा शोषून घेणारी रचना होती.

म्हणजे दोष दोन्हीकडे होता. एकाचा दोष ‘स्वभाव’ ठरला आणि त्यावर उपाय शोधले गेले. दुसऱ्याचा दोष ‘लायकी’ ठरला.

डोळे मिटले की गुण बदलतात

नाव आणि रूप बघून कान वेगळं ऐकतात, हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. जेबीएल हा ब्रँड ज्यांचा, त्या हरमन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार स्पीकर आणि ४० श्रोते. एकदा स्पीकर समोर दिसत असताना गुण द्यायचे, एकदा पडद्याआड. श्रोते हरमनचेच कर्मचारी होते.

स्पीकर दिसत होते तेव्हा मोठ्या, महागड्या स्पीकरना भरघोस गुण मिळाले आणि लहान, स्वस्त सेट खाली गेला. पडदा पडल्यावर हे अंतर आकसलं. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे, खोलीत स्पीकरची जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो, तो बदल पडद्याआड ऐकणाऱ्यांच्या गुणांत उमटला. बघून ऐकणाऱ्यांच्या गुणांत तो फारसा दिसला नाही, कारण त्यांचं मत आधीच ठरलेलं होतं.

हेडफोनची अशी परीक्षा घेणं आणखी अवघड. पडदा लावला तरी डोक्यावरचं वजन, गादीचा स्पर्श, पकड यावरून माणूस ओळखतो. म्हणून ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी पुढे वेगळी युक्ती केली. श्रोत्यांच्या डोक्यावर एकच हेडफोन ठेवला आणि इक्वलायझरने त्यातून वेगवेगळ्या हेडफोनचे आवाज काढून ऐकवले.

किमतीचं काय? २०१७ मध्ये अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात २८३ हेडफोनची मोजमापं प्रसिद्ध झाली. कोणत्या सुराला किती जोर मिळतो, याचा किमतीशी संबंध आढळला नाही. टिकाऊपणा, आराम, आवाज गाळण्याची सोय यांना पैसे पडतात. सुरांच्या समतोलाला तेवढे पडत नाहीत.

मग बास वाढवणं चूक होतं का?

इथे गोष्ट जरा उलटी फिरते. स्पीकर खोलीत वाजतो तेव्हा भिंती आणि जमीन बास वाढवतात, आणि आपले कान त्या आवाजाला सरावलेले असतात. हेडफोनला खोली नसते. त्यामुळे कागदावर ‘सरळ’ असलेला हेडफोन बऱ्याच जणांना कोरडा, पातळ वाटतो. २०१२-१३ पासून हरमनमध्ये ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांना विचारून जी पसंतीची रेषा काढली, तिच्यात १०० हर्ट्झच्या खाली काही डेसिबलची वाढ होती. आज अनेक कंपन्या आणि परीक्षक हीच रेषा समोर ठेवतात.

म्हणजे बीट्सची दिशा बरोबर होती. प्रमाण आणि जागा चुकली.

ही रेषा सगळ्यांची नाही, हेही त्याच संशोधनातून दिसलं. २०१८ च्या अभ्यासात साधारण ६४ टक्के श्रोत्यांना ती पसंत पडली, १५ टक्क्यांना आणखी बास हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. जास्त बास मागणारा हा १५ टक्क्यांचा गट अडाणी नव्हे, त्याची चव वेगळी आहे. झणझणीत रस्सा मागणाऱ्याला कुणी जीभ नाही म्हणत नाही.

बदललेले हेडफोन, न बदललेलं मत

२०१४ मध्ये ‘सोलो २’ आला. अमेरिकेतले नावाजलेले हेडफोन परीक्षक टिल हर्टसेन्स यांनी तो मोजला, ऐकला आणि बीट्सबद्दल फेरविचार करायची वेळ आली आहे, असं मत मांडलं. जुन्या मॉडेलांवर त्यांनीच कडक टीका केली होती, म्हणून या मताला वजन होतं. “ॲपलने सुधारलं” असं स्पष्टीकरण अनेक जण देतात, पण सोलो २ ॲपलचा सौदा जाहीर होत असतानाच बाजारात आला. त्याचं काम आधीच झालेलं होतं. २०२३ च्या ‘स्टुडिओ प्रो’चा आवाज तर आणखी समतोल आहे, असं बऱ्याच परीक्षकांनी नोंदवलं.

तरी चेष्टा थांबली नाही. त्याचं एक साधं कारण असं, की ज्याने २०१० मध्ये दुकानात सोलो ऐकून तो खाली ठेवला, त्याला पुन्हा ऐकायचं कारणच उरलं नाही. चांगल्या नावाच्या कंपनीला दुसरी संधी मिळते, वाईट नावाच्या कंपनीचं पुढचं मॉडेल कुणी कानाला लावतच नाही. म्हणून चुकलेलं मत दुरुस्त व्हायला वाटच राहत नाही.

भारतात असाच शेरा आता ‘बोट’वर मारला जातो. एका मालिकेचं नावच ‘बासहेड्स’ ठेवल्यावर दुसरं काय होणार! पण या कंपनीची मॉडेलं ढीगभर आहेत आणि सगळी एकसारखी वाजतात असं मानायला आधार नाही. ‘चायना माल’ या शिक्क्याचं तर हसं झालं आहे. चीनच्या चंगदू शहरातल्या मूनड्रॉप कंपनीने २०२२ मध्ये साधारण २० डॉलरला ‘चू’ हा वायरचा इअरफोन काढला आणि त्याच्या समतोल आवाजाचं कौतुक त्याच शौकिनांनी केलं.

विकत घेताना

दुकानात दोन हेडफोन शेजारी ठेवून ऐकायचे असतील तर आधी दोघांचा आवाज एका पातळीला आणावा. जरा मोठ्याने वाजणारा हेडफोन हमखास ‘चांगला’ वाटतो, आणि ही फसगत भल्याभल्यांची होते. शंभर वेळा ऐकलेलं, माणसाचा आवाज असलेलं गाणं लावावं. हेडफोन सोबतच्या माणसाने हातात द्यावा आणि नाव नंतर सांगावं. स्पर्शाने ओळख पटली तरी निदान छापील किंमत डोळ्यासमोर राहत नाही. आधीपासून एखादा हेडफोन असेल आणि त्याचा बास सांडत असेल, तर फोनमधल्या इक्वलायझरवर २०० हर्ट्झच्या आसपासची पट्टी दोन-तीन डेसिबल खाली ओढून बघावी. नवीन खरेदी कित्येकदा तिथेच टळते.

चष्मा असेल तर चष्मा लावूनच ऐकावं. काडीमुळे गादी आणि डोकं यांत फट राहते आणि त्या फटीतून सगळ्यात आधी बासच गळतो. एकच हेडफोन एकाला ढणढण आणि दुसऱ्याला पातळ वाटतो, तो कित्येकदा एवढ्यामुळेच.